कडू मध

पहाटे तीनला उठायची सवय मला आधीपासूनच होती.
कास भरली की मेंढ्या कुंपणाशी येऊन
एकमेकींच्या पाठीवर मान टाकून उभ्या राहतात,
त्यांना रविवार कळत नाही.
म्हणून गोनारियाचं दुखणं निघालं
आणि नुओरोच्या दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या
रात्री एकदा उठून बघावं लागेल, रोज,
तेव्हा मी म्हटलं, त्यात काय.
बायको रडली. मी नाही रडलो.
मला वाटलं, कळपात एक वाढली.

आता तीनला आधी तिचं बोट.
दिवा लावत नाही. उशीखालचा हात चाचपून काढतो,
करंगळीच्या कडेला टोचतो (मधोमध जास्त दुखतं),
मग चेपतो, धार काढताना चेपावं तसं,
मुळाकडून टोकाकडे, घाई न करता.
मोहरीएवढा थेंब.
यंत्र पाच सेकंद विचार करतं.
एकशे चाळीस असले तर पांघरूण सारखं करून निघतो.
दोनशे साठ असले तर रात्रीच्या जेवणात कुणीतरी चुकलं,
मी, किंवा ती, किंवा पाव.
सत्तरच्या खाली असले
तर मेंढ्या ओरडत राहतात.

ज्या काट्यावर चीज विकतो त्यावरच तिचा पाव तोलतो.
आमचा पाव पापडासारखा, हातात मोडतो,
चुरासुद्धा बोटाने टिपून काट्यावर.
शेजारची मिन्तोनिया म्हणते,
तोलून वाढलेलं अंगी लागत नाही.
मी तिला उत्तर देत नाही. पेनचा आकडा फिरवतो,
चार, साडेचार,
पोरीच्या पोटाची चिमूट धरतो.
ती तोवर छताकडे बघून पावकीचे पाढे म्हणते.
का, ते विचारलेलं नाही.

नोव्हेंबरात वरच्या कुरणातून कळप उतरवताना
ती माझ्याबरोबर होती.
ओढ्यापाशी दगडावर बसली आणि कुत्र्याला हाक मारली
मेलेल्या कुत्र्याच्या नावाने.
मी हसलो.
मग कपाळ बघितलं, एवढ्या गारठ्यात घामाने निथळलेलं.
त्रेचाळीस.
माझ्या खिशातल्या साखरेच्या पुड्या
तिनेच आदल्या दिवशी गाढवाला चारल्या होत्या.
पिशवीत होती फक्त बोबोरेने दिलेली बरणी,
कॉर्बेझोलोच्या फुलांचा मध,
जो आम्ही जुन्या चीजबरोबर नखभर चाटतो
आणि पाहुण्यांना मुद्दाम जास्त देतो, तोंड बघायला.

बोट बुडवून तिच्या तोंडात घातलं.
कडू आहे, म्हणाली.
गीळ.
कडू आहे, बाबा.
गीळ म्हणतो ना.
पुन्हा एक बोट. ती चावली.

मग पंधरा मिनिटं. त्याआधी बघायचं नाही,
बाईंनी बजावलेलं. घड्याळ मी वापरत नाही.
मेंढ्या मोजल्या. एकशे बारा.
पुन्हा मोजल्या, एकशे नऊ.
पुन्हा मोजल्या तेव्हा एकशे चौदा झाल्या, दोन कुणाच्या कोण जाणे.
घंटा वाजत होत्या आणि मला त्या सगळ्यांचा राग आला,
गाभण, लठ्ठ, निरोगी, गवत खाऊन
त्यातली साखर न मोजणाऱ्या.

तिगोरा, ती म्हणाली.
कुत्रा उठून तिच्याजवळ गेला.
अठ्ठ्याऐंशी.

खाली उतरताना तिने वही मागितली.
किती ग्रॅम होता?
मला माहीत नव्हतं.
मग मी लिहू काय, म्हणून माझ्यावरच चिडली,
आणि चिडलेली बघून मी पहिल्यांदा खाली बसलो.

वहीत अजून तसंच आहे, तिरक्या अक्षरात,
मध, कडू, बाबांची दोन बोटं.
बाईंनी ते वाचलं, माझा हात टेबलावर ठेवायला सांगितला,
बोटांकडे बघितलं
आणि पुढे पेन्सिलीने लिहिलं,
साधारण वीस ग्रॅम.